साओ पावलो महानगरात बस्तान बसवताना: 39 शहरांचा व्यवहारी नकाशा

ऑफर लेटरवर ‘साओ पावलो’ लिहिलेलं असतं आणि ऑफिस निघतं बारुएरीत. तिकिटावर ‘साओ पावलो’ असतं आणि विमान उतरतं ग्वारुल्योसमध्ये. ही दोन्ही स्वतंत्र शहरं आहेत. महापौर वेगळे, घरपट्टी वेगळी, बसगाड्या वेगळ्या. ‘मुंबईत नोकरी लागली’ म्हणून गावात पेढे वाटावेत आणि ऑफिस ऐरोलीला निघावं, त्यातलाच प्रकार.

मी कामानिमित्त इथे आलो तेव्हा पहिले चार महिने चुकीच्या बाजूला घर घेऊन बसलो होतो. पुढचं सगळं ती फी भरून शिकलेलं आहे. दोन-तीन वर्षांसाठी सहकुटुंब येणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. आठवडाभर फिरायला येणाऱ्यांनी पायरी 1, 3 आणि शेवटची वाचली तरी पुरे.

पायरी 1: नावाचा घोळ सोडवा आणि घाटमाथा ओळखा

‘साओ पावलो’ हे तीन गोष्टींचं नाव आहे. एक राज्य, 645 नगरपालिकांचं, सुमारे 4 कोटी 44 लाख वस्तीचं. एक शहर, 2022 च्या जनगणनेनुसार 1 कोटी 14 लाखांचं. आणि या दोन्हींच्या मध्ये ‘ग्रांजी साओ पावलो’, म्हणजे 1973 च्या कायद्याने आखलेला महानगर प्रदेश: 39 नगरपालिका, जवळजवळ 8 हजार चौरस किलोमीटर, 2 कोटी 7 लाख माणसं. राज्यातला माणूस ‘पावलिस्ता’, शहरातला ‘पावलिस्तानो’. शेजारच्या ओझास्को शहरातल्या माणसाला पावलिस्तानो म्हटलंत तर तो हसून सोडून देईल, पण मनात नोंद करेल.

नकाशा डोक्यात बसवायला मराठी माणसाला एक सोय आहे. हे सगळं महानगर घाटावर, समुद्रसपाटीपासून साधारण 760 मीटरवर वसलेलं आहे. आग्नेयेला ‘सेहा दो मार’ हा इथला सह्याद्री. तो उतरलात की खाली सांतोस बंदर, म्हणजे इथलं तळकोकण. तिएते नदी याच प्रदेशातल्या सालेझोपोलिस गावात, समुद्रापासून जेमतेम 22 किलोमीटरवर उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून हजारेक किलोमीटर आत वाहत जाते. कृष्णेने करावं तसंच. कोयनेचा डाव इथल्या इंजिनियरांनीही खेळला: पिन्येइरोस नदीचा प्रवाह पंपांनी उलटा फिरवला, पाणी बिलिंग्स जलाशयात साठवलं आणि घाटाखाली कुबातांवला सातशे मीटरांहून जास्त खाली सोडून वीज काढली. ते वीजघर 1926 पासूनचं आहे.

तर तिएते उत्तरेला आडवी, पिन्येइरोस पश्चिमेला उभी. दोन्ही नद्यांच्या काठाने मोठे हमरस्ते, त्यांना ‘मार्जिनाल’ म्हणतात. या दोन रेघा कागदावर काढा आणि बाकीची शहरं त्यांवर लावा. पश्चिमेला ओझास्को आणि त्यापुढे बारुएरी (आल्फाव्हिल ही बंगले-ऑफिसांची वसाहत तिथली). ईशान्येला ग्वारुल्योस, 12 लाख 90 हजारांचं. पूर्वेला सुझानो आणि मोजी दास क्रूझेस, जिथल्या जपानी वंशाच्या शेतकऱ्यांनी या महानगराला भाजी पुरवली. आग्नेयेला ‘आ-बे-से’: सांतो आंद्रे, साओ बेर्नार्दो, साओ काएतानो या तीन संतांची आद्याक्षरं. मोटारींचे कारखाने इथले. 1978 ते 80 चे मोठे संप इथेच झाले आणि त्यांतून कामगार पुढारी लुला पुढे आले. दक्षिणेला जलाशय आणि जंगल.

पायरी 2: निघण्याआधी

पीतज्वराची लस सगळ्यात आधी. ब्राझीलहून भारतात परतणाऱ्याकडे तिचं पिवळं कार्ड नसेल, तर उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरतात, म्हणून आदल्या आठवड्यावर ठेवू नका. इथे तुम्हाला भेटायला येणाऱ्या आई-बाबांनाही हे आधी सांगा. वय जास्त असेल तर लस द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

दुसरं, दाखले. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला इंग्रजीत (किंवा मराठी-इंग्रजी दोन्हींत) घ्या आणि त्यांवर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून आणा. इथे आल्यावर त्यांचं ‘जुरामेंतादा’, म्हणजे शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करावं लागतं. इंग्रजीवरून करणारे पुष्कळ मिळतात.

तिसरं, आणि हे कोणी सांगत नाही, मिक्सर. साओ पावलोत बहुतेक घरांत 127 व्होल्ट, 60 हर्ट्झ वीज आहे. आपला 230 व्होल्टचा मिक्सर त्यावर जीव नसल्यासारखा फिरतो. आम्ही आणलेल्या मिक्सरने पहिल्याच दिवशी भिजवलेल्या डाळीपुढे हात टेकले. काही घरांत 220 चा एखादा सॉकेट असतो, पण त्या भरवशावर चार किलो वजन आणू नका. इथला ‘लिकिदिफिकादोर’ विकत घ्या. चटणी होते. पुरणयंत्र मात्र आणा, त्याला वीज लागत नाही.

जून-जुलै हा इथला हिवाळा. घरांत हीटर नसतो, त्यामुळे बाहेर 11 अंश म्हणजे आतही जवळपास तेच. रग आणा.

पायरी 3: से-पे-एफी

विमानतळ तीन आहेत आणि तिकीट काढताना तिथेच माणसं फसतात. ग्वारुल्योस आंतरराष्ट्रीय. कोंगोन्यास शहरात, देशांतर्गत. तिसरा विराकोपोस, तो कांपिनासला, सुमारे शंभर किलोमीटर लांब. एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान असेल, तर मध्ये अर्धा दिवस मोकळा ठेवा.

उतरल्यावर पहिलं काम सीपीएफ. इथल्या लोकांच्या तोंडी ‘से-पे-एफी’. हा 11 आकडी करक्रमांक म्हणजे इथलं पॅन आणि आधार एकत्र. मुंबईतल्या ब्राझीलच्या वकिलातीमार्फत तो निघण्याआधीही काढता येतो. जमलं तर तेच करा. याशिवाय सिमकार्ड नाही, बँक नाही, भाडेकरार नाही. दुकानात पाव घ्यायला गेलात तरी गल्ल्यावरची मुलगी मान वर न करता विचारते, ‘से-पे-एफी ना नोता?’ म्हणजे बिलावर तुमचा क्रमांक टाकू का. करचोरी रोखायला राज्याने काढलेली ही योजना. क्रमांक दिलात तर कराचा काही भाग परत मिळू शकतो. नको असेल तर ‘नाँव, ओब्रिगादो’, म्हणजे ‘नको, धन्यवाद’ (बाई असाल तर ‘ओब्रिगादा’) म्हणा आणि पुढे व्हा.

फॉर्मवर आणखी एक गोष्ट चक्रावते. आपल्याकडे जन्मभर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे लावायची सवय. इथे प्रत्येक ठिकाणी आईचं नाव विचारतात आणि त्यावरून ओळख पटवतात. पासपोर्टवर आईचं नाव जसं छापलंय, अक्षरन् अक्षर तसंच सगळीकडे लिहा. एका ठिकाणी माहेरचं आडनाव आणि दुसरीकडे सासरचं गेलं, की दोन महिने खेटे.

कामाचा किंवा कुटुंबाचा व्हिसा असेल तर 90 दिवसांत पोलीसिआ फेदेरालकडे नोंदणी करून परदेशी रहिवाशाचं कार्ड काढायचं असतं. भेटीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती लगेच मिळेल असं धरू नका. बँक खातं झालं की ‘पिक्स’ सुरू करा. नोव्हेंबर 2020 मध्ये ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने आणलेली ही यूपीआयची बहीणच. ‘फेइरा’ या आठवडी बाजारातला भाजीवाला, न्हावी, शाळेची सहल, सगळं पिक्सवर चालतं.

पायरी 4: ऑफिस कोणत्या रुळावर आहे ते शोधा

हीच पायरी मी चुकलो. नकाशावर घर आणि ऑफिस यांत नऊ किलोमीटर होते, ‘जवळच आहे’ म्हणून सही केली. मधे पिन्येइरोस नदी, तिच्यावरचे मोजके पूल, आणि संध्याकाळी सहा वाजता त्या पुलांवर अख्खं शहर. नऊ किलोमीटरला सव्वा तास. तेव्हापासून माझा एकच नियम: किलोमीटर मोजू नका, रूळ मोजा. घर आणि ऑफिस एकाच मार्गिकेवर, किंवा फार तर एक गाडी बदलून. ठाण्या-डोंबिवलीच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पुण्याहून आलेल्याला लागतं.

मेट्रो 1974 मध्ये सुरू झाली. तिच्या मार्गिकांना रंगांची नावं: 1 निळी, 2 हिरवी, 3 लाल, 4 पिवळी, 5 लायलॅक, 15 रुपेरी. उपनगरी गाड्यांना रत्नांची: 7 माणिक, 8 हिरा, 9 पाचू, 10 फिरोजा, 11 पोवळं, 12 नीलम, 13 जेड. ज्योतिषाच्या अंगठीसारखी यादी आहे, पण एकदा पाठ झाली की विसरत नाही. मेट्रो आणि उपनगरी गाडी यांमध्ये बहुतेक ठिकाणी बदलाचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आता ऑफिसप्रमाणे बघा.

फारिया लिमा, पिन्येइरोस, इताईं बीबी, बेहिनी या पश्चिम-दक्षिण पट्ट्यात काम असेल (बँका, तंत्रज्ञान, सल्लागार कंपन्या बहुतेक इथेच), तर 4 पिवळी आणि 9 पाचू या तुमच्या मार्गिका. पाचू नदीच्या काठाने धावते, खिडकीतून पाणी आणि पलीकडे गगनचुंबी काच. वास येतो तेव्हा खिडकीपासून लांब बसावं. घर बुतांतां, विला सोनिया किंवा थेट ओझास्कोलाही चालेल.

आल्फाव्हिलला ऑफिस असेल तर सांभाळा. तिथे रूळ नाही. 8 हिऱ्याने बारुएरी स्टेशन, तिथून बस. साओ पावलोच्या मध्यात राहून रोज आल्फाव्हिलला मोटारीने जाणारे सहकारी मी पाहिलेत, त्यांच्या तोंडी हमरस्त्याच्या कोंडीशिवाय दुसरा विषय नसतो. लापा, ओझास्को किंवा बारुएरीतच घर बघा.

आ-बे-सेला काम असेल तर 10 फिरोजा साओ काएतानो, सांतो आंद्रे, मावा असं जाते. साओ बेर्नार्दो आणि दियादेमाला मात्र रेल्वे नाही. तिथे 1988 पासूनचा ट्रॉलीबसचा राखीव मार्ग आहे, तो जाबाक्वाराला निळ्या मार्गिकेला येऊन मिळतो. माझं मत विचाराल तर कुटुंबाला राहायला साओ काएतानो उत्तम. जेमतेम 15 चौरस किलोमीटरचं टुमदार शहर, मानव विकास निर्देशांकात देशात पहिलं आलेलं, आणि 2023 पासून तिथल्या शहर बसला तिकीटच नाही.

पावलिस्ता रस्त्यावर ऑफिस मिळालं तर नशीबवान आहात. 2 हिरवी पायाखाली आहे. फक्त 2 आणि 4 या मार्गिका जोडणारा कोन्सोलासांव-पावलिस्ता बोगदा संध्याकाळी दादरच्या पुलासारखा होतो, तेवढं धरून चाला.

बसचं थोडक्यात. शहराच्या बसला ‘बिल्येची ऊनिकु’ कार्ड काढा. साध्या कार्डावर तीन तासांत चार बस एकाच भाड्यात होतात. बस थांब्यावर आपोआप थांबत नाही, हात करावा लागतो. पुढून चढायचं, मधल्या फिरत्या दांड्यातून (‘कात्राका’) पैसे भरून आत जायचं. डिसेंबर 2023 पासून रविवारी साओ पावलोच्या शहर बस फुकट आहेत. शहराबाहेर जाणाऱ्या बस वेगळ्या, त्यांचं भाडंही वेगळं.

मोटार घेणारच असाल तर ‘होदीझिओ’ समजून घ्या. 1997 पासून नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे आठवड्यातला एक दिवस सकाळी 7 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 8 मध्यभागात गाडी आणता येत नाही: सोमवारी 1-2, मंगळवारी 3-4, असं शुक्रवारी 9-0 पर्यंत. हाच शब्द हॉटेलच्या पाटीवर दिसला तर घाबरू नका, तिथे तो ‘पोटभर खा’ या अर्थी असतो.

पायरी 5: घर

भाड्याचा आकडा ऐकून हिशेब करू नका. त्यावर ‘कोन्दोमीन्यु’ (सोसायटीचा देखभाल खर्च, लिफ्ट-पहारेकरी असलेल्या इमारतीत चांगलाच घसघशीत) आणि ‘इप्तू’ (घरपट्टी) वेगळे असतात, आणि दोन्ही सहसा भाडेकरूच भरतो. तिन्हींची बेरीज विचारा.

मग मालक ‘फिआदोर’ मागेल, म्हणजे जामीन, बहुधा स्वतःचं घर असलेला. परक्या देशात असा कोण मिळणार? पर्याय दोन: भाडे-विमा, किंवा कमाल तीन महिन्यांचं भाडं अनामत. करार बहुतेक 30 महिन्यांचा असतो. कंपनीने मधेच परत बोलावलं तर दंड किती, हे सहीच्या आधी वाचा. घर बघताना न्हाणीघरात वर पाहा. शॉवरच्या तोंडातच विजेची कॉइल असते, पाणी तिथल्या तिथे तापतं. पाणी कमी सोडलं तर जास्त गरम, जास्त सोडलं तर कोमट. बादलीने आंघोळ करणाऱ्याला ही कला जमायला आठवडा जातो.

पाणी साठवायची टाकी किती मोठी आहे तेही विचारा. 2014-15 मध्ये कांतारेइरा जलाशयांनी तळ गाठला तेव्हा नेहमीच्या उपशाच्या पातळीखालचं पाणी पंप लावून काढावं लागलं होतं.

पायरी 6: भाषा आणि भाजी

इथे इंग्रजीवर निभत नाही, पण मराठी माणूस अगदी कोरा नसतो. पाव, बटाटा, साबण, चावी, बादली, पगार, लिलाव हे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आले, आणि इथे रोज कानांवर पडतात: पाँव, बाताता, साबाँव, शावी, बाल्जी. ‘पगार’ इथे क्रियापद आहे, पैसे देणे. काही शब्द दगा देतात. ‘कोवी’ मागितलीत तर कोबी मिळत नाही, गडद हिरव्या रुंद पानांची जुडी मिळते. आपला कोबी म्हणजे ‘हेपोल्यु’. अननस ‘आबाकाशी’. आणि शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ बहुतेक ‘ह’ होतो: रस्ता म्हणजे ‘हुआ’, इथलं चलन ‘हेआऊ’.

शाकाहारी असाल तर ‘सें कार्नी’, मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. कार्नी म्हणजे गोमांस-डुकराचं मांस अशी अनेकांची समजूत. कोंबडी आणि हॅम त्यात येत नाहीत. मी घरून निघताना पाठ केलेलं वाक्य: ‘सें कार्नी, सें फ्रांगु, सें प्रेझुंतु, सें पेशी’, म्हणजे मांस, कोंबडी, हॅम, मासे काही नको. तरीही भाताबरोबरच्या काळ्या किंवा तपकिरी घेवड्याच्या आमटीत (‘फेइझाँव’) डुकराच्या चरबीचा तुकडा निघू शकतो, म्हणून ‘तें बेकों?’ (बेकन आहे का?) असं वेगळं विचारा. दुपारी वजनावर जेवण देणारी ‘पोर किलो’ हॉटेलं सगळ्यात सोयीची. ताटात काय येतंय ते डोळ्यांना दिसतं, वांगी-भेंडी-भोपळा असतोच.

किराण्यासाठी मध्यवर्ती बाजाराजवळच्या सांता होझा रस्त्याच्या धान्यबाजारात जा. पोत्यांतून सुटं मिळतं: छोले (‘ग्रांव जी बिकु’), मसूर, जिरं (‘कोमिन्यु’), हळद (‘कूर्कुमा’). हळदीला ‘आसाफ्रांव दा तेहा’, म्हणजे मातीतलं केशर, असंही म्हणतात. खऱ्या केशराच्या भावाने घेऊ नका. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो ‘मांजिओका’ मूळचा याच खंडातला, भाजीच्या प्रत्येक गाड्यावर ढीग लागलेला. काजूही मूळचा ब्राझीलचाच, ‘काजु’ हा इथल्या तुपी भाषेतला शब्द पोर्तुगिजांनी गोव्याला नेला. बोंड रस्त्यावर मिळालं तर गोवेकरांना वेगळं सांगायला नको.

प्रत्येक वस्तीत आठवड्यातून एक दिवस रस्ता बंद करून ‘फेइरा’ भरते. तुमच्या वस्तीचा वार पहारेकऱ्याला विचारा. बाराच्या सुमारास उतरत्या भावाची वेळ येते, तिला ‘शेपा’ म्हणतात. विक्रेते ओरडून ढीग देतात, अर्ध्या भावात टोमॅटो. तिथेच कोपऱ्यावर तळणीतून निघालेली हातभर ‘पास्तेल’ आणि चरकातून काढलेला उसाचा रस. आलं-लिंबू सांगितलं तर घालतात.

पायरी 7: अंगावर येणाऱ्या गोष्टी

डिसेंबर ते मार्च दुपारचा पाऊस. चार वाजता आभाळ भरतं, पाचला सखल रस्ते तुंबतात. त्या वेळी स्टेशनातच अर्धा तास थांबणं शहाणपणाचं. मोबाइल फुटपाथच्या कडेला उभं राहून बघू नका. सायकल किंवा मोटारसायकलवरून येऊन हिसकावतात. काही बघायचंच असेल तर दुकानात शिरा. पोलीस 190, रुग्णवाहिका 192, अग्निशमन 193. सरकारी आरोग्यसेवा ‘सूस’ परदेशी माणसालाही मोफत आहे. वस्तीतल्या ‘ऊ-बे-एसी’ केंद्रात मुलांच्या लसी होतात. बँकेत, दुकानात साठीच्या वरच्यांना वेगळी रांग असते, आई-बाबा आले की त्यांना तिथे उभं करा.

घरी फोन करायचा हिशेब: भारत साडेआठ तास पुढे. इथे सकाळी आठला केलात तर तिकडे साडेचार, दुपारचा चहा.

पायरी 8: पहिला रविवार

पावलिस्ता रस्ता रविवारी मोटारींना बंद असतो. दोन किलोमीटरहून लांब रस्ता माणसांना, सायकलींना आणि बँडवाल्यांना मोकळा. मधे ‘मास्प’ संग्रहालय आहे, लिना बो बार्दीने आखलेलं, 1968 चं. 74 मीटरच्या पोटाखाली एकही खांब नाही, खाली नुसती मोकळी सावली. तिथून मेट्रोने लिबेर्दादीला उतरा, जपानी वस्तीचा रविवार बाजार बघा, आणि चालत दहा मिनिटांवर ‘से’ नावाच्या चौकात या. फोन खिशात ठेवून.

कॅथीड्रलसमोर कमरेएवढा सहा बाजूंचा संगमरवरी दगड आहे, 1934 साली बसवलेला. एकेका बाजूवर एकेक दिशा कोरलेली: सांतोस, हिओ (आपण म्हणतो ते रिओ), मिनास, पराना वगैरे. हे शहराचं शून्य. इथून बाहेर जाताना घरांचे क्रमांक वाढत जातात, एका हाताला सम, दुसऱ्या हाताला विषम, आणि आकडा म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे मीटर. तुमचं घर 1,240 क्रमांकाचं असेल आणि तुम्ही 900 पाशी उभे असाल, तर अजून 340 मीटर चालायचंय.